नाव-नंबर नसलेला भंगारातला कपॅसिटर टेस्ला कॉइलला चालेल का?

भंगारातून कपॅसिटर आणणारा नवखा माणूस आधी एकच विचारतो, "हा किती मायक्रोफॅरडचा?" मल्टिमीटर लावला की दहा सेकंदांत उत्तर मिळतं, पण त्यावरून काहीच ठरत नाही. टेस्ला कॉइल म्हणजे हवेत लांब ठिणग्या उडवणारी उच्च व्होल्टेजची कॉइल. तिच्या प्रायमरीत, म्हणजे पहिल्या वेटोळ्याच्या सर्किटमध्ये, तो टिकणार की दोन मिनिटांत फुगून बसणार, हे वेगळ्याच तीन गोष्टींवर अवलंबून असतं: आतला डायइलेक्ट्रिक (दोन धातूंमधला इन्सुलेटर) कशाचा आहे, आतली जोडणी किती अँप सोसते आणि खरं व्होल्टेज किती. अंगावर नंबर असता तर हे सगळं डेटाशीटमध्ये मिळालं असतं. नंबर नाही, म्हणून ते वस्तूकडूनच काढून घ्यायचं.

हा लेख निऑन साइन ट्रान्सफॉर्मर (निऑनच्या पाट्यांचा उच्च व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर) आणि स्पार्क गॅप (ठिणगी उडते ती फट) यांवर चालणाऱ्या साध्या कॉइलसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. दहा बेनाव कपॅसिटर तपासले तर बहुतेकांचं उत्तर "नाही" येणार आहे. म्हणून पायऱ्यांचा क्रम असा लावलाय की फुकटात बाद होणारा माल आधी बाद व्हावा, आणि मेगर-स्कोपवाली मेहनत फक्त उरलेल्यांवर करावी.

आणखी एक. ९ केव्ही, ३० मिलिअँपचा ट्रान्सफॉर्मर माणूस मारू शकतो. घरातल्या वायरिंगपलीकडे कधी हात घातला नसेल, तर पहिल्यांदा हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनला शेजारी उभं करूनच करा. विद्यार्थी असाल तर कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांच्या समोर.

जवळ काय हवं

- कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर. शक्य असेल तर १०० किलोहर्ट्झपर्यंत जाणारा एलसीआर मीटरही (कपॅसिटन्सबरोबर लॉसही दाखवणारा). डीई-५००० सारखा मीटर कोणाकडे असला तर एका दुपारीपुरता मागून आणा.
- डिस्चार्ज काठी: अर्धा-पाऊण मीटर पीव्हीसी पाइप, टोकाला तांब्याचा आकडा, आणि त्याला जोडून १० किलोओहम १० वॅटचे पांढरे सिरॅमिक रेझिस्टर चार-पाच सिरीजमध्ये, आणि त्यांच्या दुसऱ्या टोकाला क्लिपवाली तार.
- हेअर ड्रायर, फूटपट्टी, वाटीभर पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब.
- ओळखीचा, छापील नंबर असलेला एक तरी पॉलिप्रॉपिलीन पल्स कपॅसिटर (करंटचे झटके सोसायला बनवलेला). तुलनेला याची फार गरज पडते.
- १००० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या कुठल्याही पॅनल वायरमनकडे असतो.
- कागद दोनच: ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटचा फोटो आणि एक वही. प्रत्येक नगावर मार्करने क्रमांक टाका आणि वहीत त्याच क्रमांकापुढे आकडे लिहा. सारखे दिसणारे बारा डबे टेबलावर आले की "मघाशी मोजलेला कोणता?" हे कोणालाच सांगता येत नाही.

१. आधी मोकळा करा

भंगारात पडून महिने झाले म्हणून तो रिकामा असेल असं धरू नका. काही डायइलेक्ट्रिक एकदा डिस्चार्ज केल्यावरही थोडं व्होल्टेज परत वर आणतात. काठीच्या तारेची क्लिप एका टर्मिनलला लावा, आकडा दुसऱ्यावर पाच सेकंद धरा, मिनिटभर थांबा, पुन्हा धरा. मग मीटरने शून्य आहे का बघा आणि उघड्या तारेने टर्मिनल शॉर्ट करून ठेवा. मोजायच्या वेळेपुरतीच ती तार काढायची.

इथे दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे स्क्रूड्रायव्हरने थेट शॉर्ट करणं. त्याने टर्मिनल वितळतं, आतली जोडणी सैल होते आणि ज्याची परीक्षा घ्यायची तोच अर्धा मरतो. दुसरी म्हणजे अनोळखी कपॅसिटरवर सगळ्यात आधी मल्टिमीटर लावणं. साधा मीटर ६०० किंवा १००० व्होल्टपर्यंतचा असतो. आधी काठी, मग मीटर.

साठलेल्या ऊर्जेचा हिशोब डोक्यात असू द्या: अर्धा गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग. १ मायक्रोफॅरड २००० व्होल्टला २ जूल. १०० मायक्रोफॅरड त्याच व्होल्टेजला २०० जूल, म्हणजे सरळ जिवाशी गाठ. बादलीएवढा पल्स कपॅसिटर स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका, तो या कामाचा नाहीच.

२. आपल्या कॉइलला काय हवं ते आधी लिहा

हे लिहून ठेवलं नसलं की समोरचा प्रत्येक कपॅसिटर "चालून जाईल" असा वाटायला लागतो.

नेमप्लेटवरचे मिलिअँप भागिले केव्ही, गुणिले ३.१८. उत्तर नॅनोफॅरडमध्ये येतं. हा आपल्या ५० हर्ट्झवरचा रेझोनंट आकडा, म्हणजे ज्या कपॅसिटन्सला ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर एका सुरात येतात ती. ९ केव्ही ३० मिलिअँपला तो १०.६ नॅनोफॅरड येतो, १५ केव्ही ३० मिलिअँपला ६.४. पण नेमका इतकाच कपॅसिटर लावायचा नाही. रेझोनन्समध्ये व्होल्टेज चढत जातं, आणि गॅप थोडा जास्त उघडा राहिला तर ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग जाते. साध्या स्टॅटिक (न फिरणाऱ्या) गॅपला त्याच्या दीडपट घ्या, म्हणजे ९ केव्हीसाठी १६ नॅनोफॅरडच्या आसपास.

नेटवरचे बहुतेक तक्ते अमेरिकन असतात आणि ते ६० हर्ट्झ धरून केलेले असतात. तिथे याच ट्रान्सफॉर्मरला ८.८ नॅनोफॅरड लिहिलेलं दिसेल. तो दीडपट केला की १३.२ येतात आणि आपल्या रेझोनन्सच्या जास्त जवळ जाऊन बसतो. तक्ता कॉपी करू नका, वरचं गणित करा.

व्होल्टेज: ९ केव्ही हा आरएमएस (लाटेचा परिणामी) आकडा आहे, पीक म्हणजे लाटेचं टोक १२.७ केव्ही. कपॅसिटरच्या माळेचं एकूण डीसी रेटिंग आरएमएसच्या दुपटीहून कमी नको. म्हणजे १८ केव्ही किमान, २० असलं तर बरं.

आता करंट. नवखे लोक हाच आकडा कधी काढत नाहीत. प्रायमरी ६० मायक्रोहेन्रीची धरली तर १६ नॅनोफॅरडबरोबर ती साधारण १६० किलोहर्ट्झला वाजते आणि गॅप पेटल्या क्षणी पीक करंट २०० अँपच्या वर जातो. सॉकेटमधून एक-दोन अँप घेणाऱ्या खेळण्यात कपॅसिटरच्या आत मात्र क्षणभर दोनशे अँप, आणि असं सेकंदाला शंभरदा किंवा जास्त. पंख्याच्या कपॅसिटरचा बिचाऱ्याचा जन्म याच्यासाठी झालेला नाही.

३. कुठून आला आणि दिसतो कसा

भंगारवाल्याकडे "कंडेन्सर" म्हणून विचारा, पटकन कळतं. नाशकात माल चार वाटांनी येतो: सातपूर-अंबडच्या स्विचगिअर आणि पॅनलच्या कारखान्यांतून, शेतीपंपाच्या स्टार्टरमधून, दुरुस्तीच्या दुकानांतल्या टीव्ही-मायक्रोवेव्हमधून, आणि हल्ली ढिगाने बंद पडलेल्या इंडक्शन शेगड्यांमधून. अंबड-लिंक रोडवरच्या भंगार बाजारातली अतिक्रमणं महापालिकेने २०१७ मध्ये काढली, तेव्हा जुन्या माहितीवर थेट तिकडे गाडी काढू नका. आजची दुकानं कुठे आहेत ते सातपूरच्या एखाद्या रिवाइंडिंगवाल्याला विचारा. कपॅसिटर कुठल्या यंत्रातून काढला हे दुकानदाराला आठवत असेल तर वहीत लिहून घ्या. निम्मी पारख तिथेच होते.

अॅल्युमिनियमचा गोल डबा, डोक्यावर फुलीसारख्या खाचा, एका बाजूला पट्टा किंवा खाली रबराचं बूड: इलेक्ट्रोलिटिक. बाद. पोलॅरिटीवाली वस्तू उलटसुलट धावणाऱ्या करंटमध्ये फुटतेच.

लंबगोल पत्र्याचा डबा, वर दोन टर्मिनल, आत तेल: मायक्रोवेव्हचा. साधारण १ मायक्रोफॅरड, २१०० व्होल्ट एसी, आणि आत बहुधा १० मेगओहमचा रेझिस्टर. मीटर ओहमवर लावला की थोड्या वेळाने तो रेझिस्टर दिसतो, ओळख पटते. १६ नॅनोफॅरड करायला असे साठेक डबे सिरीजमध्ये लागतील. शिवाय ५० हर्ट्झसाठी बांधलेला, उच्च फ्रिक्वेन्सीला तापतो. बाद. त्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मरही घरी आणू नका, तो निऑनवाल्याहून कितीतरी घातक आहे.

पंख्याचा किंवा मोटरचा, २.५ मायक्रोफॅरड वगैरे: आत पॉलिप्रॉपिलीन असतं हे खरं, आणि म्हणून लोक फसतात. पण मेटलायझेशन (फिल्मवर चढवलेला धातूचा थर) कागदाहून पातळ आणि टोकाची जोडणी शांत ५० हर्ट्झसाठी केलेली. हिशोबही बघा: २.५ मायक्रोफॅरडचे १५० हून जास्त नग सिरीजमध्ये लावाल तेव्हा १६ नॅनोफॅरड होईल.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत लाइन आउटपुटजवळ असणारे १६०० व्होल्टचे, पाच-दहा नॅनोफॅरडचे नग: जातीने उत्तम, पल्ससाठीच बनवलेले. अडचण संख्येची आहे. ९ नॅनोफॅरडचे १२ नग सिरीजमध्ये लावले की ०.७५ नॅनोफॅरड मिळतो, आणि १६ पर्यंत पोचायला अशा एकवीस माळा पॅरलल लागतात. अडीचशे नग. टीव्ही मेकॅनिक मामा असला तर जमेल.

इंडक्शन शेगडीतला चौकोनी डबा, साधारण ०.३ मायक्रोफॅरड १२०० व्होल्ट: नाशकात आज हाच सगळ्यात आशादायक माल. १८ नग सिरीजमध्ये म्हणजे १६.७ नॅनोफॅरड आणि २१.६ केव्ही. फक्त एक घोळ टाळा. शेगडीच्या बोर्डावर तसाच दिसणारा दुसरा डबाही असतो, ५ मायक्रोफॅरडच्या आसपासचा. तो सप्लायच्या बाजूचा, इथे नको. मोजलं की लगेच वेगळा पडतो. आणि ०.३ चा निघाला तरी त्याला उमेदवार समजा, पास समजू नका. शेगडीतला करंट आणि गॅपचा दोनशे अँपचा फटका यांत फरक आहे.

जाड चकतीसारखा, दोन्हीकडे स्क्रू असलेला सिरॅमिक किंवा पितळी टर्मिनलवाला मायका मिळाला तर नशीब. मायका डोळे झाकून निवडलेल्यांत ठेवा. सिरॅमिकची परीक्षा ड्रायरने होईल.

४. तेलाचा असेल तर झाकण बंदच ठेवा

जुन्या पॉवर फॅक्टर पॅनलमधून निघालेल्या तेलकट डब्यांत पीसीबी असू शकतं. सर्किट बोर्डवालं पीसीबी नव्हे. हे पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल नावाचं विषारी तेल. एकेकाळी ते आग लागू नये म्हणून भरत. भारतात त्यावर २०१६ मध्ये केंद्राचा बंदी-नियंत्रण आदेश निघाला, तरी जुना माल भंगारात फिरतोच. डबा चिकट असेल, पाझरत असेल, फुगलेला असेल तर हात लावू नका, घरी तर अजिबात आणू नका. कापून "आत काय आहे" बघायचं नाही, जाळायचं तर नाहीच. असा माल सुक्या अवस्थेतही आपल्या कॉइलला निरुपयोगी असतो, कारण तो ५० हर्ट्झचा मोठ्या मायक्रोफॅरडचा असतो. तेव्हा मोह पडायचं कारण नाही.

५. मोजा, मग फूटपट्टी लावा

कपॅसिटन्स मोजून वहीत लिहा. आता बेनाव मालाचं व्होल्टेज काढायची युक्ती. कपॅसिटरचं आकारमान खोटं बोलत नाही: जास्त व्होल्टेजला जाड फिल्म लागते आणि जाड फिल्मला जागा लागते.

चांगल्या पल्स कपॅसिटरमध्ये घनसेंटिमीटरला सुमारे ०.०३ जूल बसतात. कॉइलवाल्यांच्या आवडत्या ०.१५ मायक्रोफॅरड २००० व्होल्टच्या नगात ०.३ जूल असतात आणि आकार नऊ-दहा घनसेंटिमीटर, त्यावरून हा आकडा. आता समजा तुमच्या हातात २५ घनसेंटिमीटरचा काळा डबा आहे आणि मीटर १ मायक्रोफॅरड दाखवतोय. २५ गुणिले ०.०३ म्हणजे ०.७५ जूल. त्याची दुप्पट, भागिले कपॅसिटन्स, त्याचं वर्गमूळ: साधारण १२२५ व्होल्ट. दुकानदार "पाच हजार व्होल्टचा आहे, मिलिटरीचा" म्हणत असेल तर म्हणू द्या. पाच हजारांत त्याच डबीत १२.५ जूल कोंबावे लागतील, पल्स कामाच्या बांधणीत ते मावत नाही.

हा सावध अंदाज आहे, हमी नाही. पातळ मेटलाइज्ड फिल्मवाले कमी जागेत जास्त व्होल्टेज बसवतात, पण ते आपल्याला नकोच आहेत. तुमच्याकडे ओळखीचा नग असेल तर ०.०३ ऐवजी त्याचाच आकडा काढून वापरा.

६. हेअर ड्रायर लावा

डायइलेक्ट्रिक ओळखायची यापेक्षा स्वस्त परीक्षा मला माहीत नाही. मीटर लावलेला ठेवा, आकडा स्थिर झाला की लिहा, मग ड्रायरने कपॅसिटर हळूहळू गरम करा. हात लावल्यावर चटका बसेल-न बसेल इतका, म्हणजे साठ-पासष्ट अंश. मोठा डबा आतपर्यंत तापायला पाच-सात मिनिटं लागतात, घाई करू नका.

आकडा एखाद टक्क्याने खाली आला, म्हणजे १५० नॅनोफॅरडचा १४८.५ च्या आसपास झाला, तर पॉलिप्रॉपिलीन. हेच हवं. आकडा दोनेक टक्क्यांनी वर चढला तर पॉलिएस्टर. बाद. जागचा हललाच नाही तर मायका किंवा चांगल्या जातीचा सिरॅमिक, उत्तम. आणि पाव-अर्ध्याने धपकन पडला तर हलका सिरॅमिक. तो व्होल्टेज चढल्यावरही असाच पडतो, ट्यूनिंगच लागणार नाही.

हिवाळ्यात सकाळी हे करत असाल तर कपॅसिटर आधी तासभर खोलीत ठेवा. डिसेंबरच्या नाशिकची गारठलेली गच्ची आणि आतली खोली यांतला फरकच वाचन बिघडवायला पुरतो.

७. एक नग फोडा

एकाच जातीचे पाचापेक्षा जास्त नग असतील आणि ते कोरडे असतील, तर एक बळी द्या. मोकळा केलेला, शॉर्ट केलेला नग बारीक करवतीने लांबीच्या बाजूने कापा. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क.

आत गुंडाळी दिसेल. पदर उलगडा. अॅल्युमिनियमचा वेगळा वर्ख निघाला, बोटात चुरगळतो, उजेडाकडे धरला तर काहीच पलीकडे दिसत नाही, तर तो फॉइलचा. करंट सोसणारी जात हीच. वर्ख वेगळा नाही, प्लॅस्टिकवरच आरशासारखी चमक आहे आणि बल्बकडे धरल्यावर पलीकडचा उजेड धूसर दिसतो, तर मेटलाइज्ड. काहींत दोन्ही असतात, टोकांना फॉइल आणि मध्ये मेटलाइज्ड पट्टे; पल्ससाठी तीही बांधणी चांगली.

आता फिल्मचा एक तुकडा, फॉइल असेल तर ते काढून, वाटीतल्या पाण्यात टाका. पाण्यात लिक्विड सोपचा थेंब आधी घाला, नाहीतर कुठलाही तुकडा पृष्ठभागावर चिकटून तरंगतो आणि फसवतो. काडीने तुकडा पूर्ण बुडवा, बुडबुडे झटका, सोडा. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९ च्या आसपास, तो वर येतो. पॉलिएस्टर १.४ च्या जवळ, तो तळाशी जाऊन बसतो. ड्रायरचं उत्तर आणि वाटीचं उत्तर जुळलं की डायइलेक्ट्रिकचा प्रश्न मिटला. कागद निघाला तर वाद मिटला, पुढे जायचं नाही.

फक्त दोन-तीन नग असतील तर फोडू नका. पुढच्या परीक्षेत कळेल.

८. लॉस तपासा

एलसीआर मीटर असेल तर डी (डिसिपेशन फॅक्टर, किती ऊर्जा उष्णतेत वाया जाते त्याचं माप) हा आकडा १ किलोहर्ट्झ आणि १०० किलोहर्ट्झ दोन्हीकडे बघा. पॉलिप्रॉपिलीनचा १ किलोहर्ट्झला ०.००१ च्या आत राहतो. पॉलिएस्टरचा तिथे ०.००५ च्या आसपास आणि १०० किलोहर्ट्झला ०.०१५ किंवा त्याहून वर. ०.०००५ आणि ०.०१ यांत वीसपट उष्णतेचा फरक आहे, आणि ती सगळी त्या बंद डबीत साठते. १०० किलोहर्ट्झला मीटरच्या वायरी लांब असतील तर चांगला नगही वाईट दिसतो. वायरी बोटभर ठेवा.

मीटर नाही, पण कॉलेजात स्कोप आणि फंक्शन जनरेटर आहे? मग याहून चांगली परीक्षा करता येते. स्वतःची प्रायमरी कॉइलच घ्या, कपॅसिटर तिला पॅरलल जोडा, जनरेटरमधून १० किलोओहममार्गे १०० हर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह द्या. प्रत्येक कडेला कॉइल-कपॅसिटर वाजतात आणि लाट हळूहळू मरते. सिग्नल वीसेक मिलिव्होल्टचाच असतो, स्कोपची रेंज त्याप्रमाणे लावा. लाटेची उंची निम्मी व्हायला किती आवर्तनं लागली ते मोजा आणि ४.५ ने गुणा, तो क्यू: जितका जास्त तितका लॉस कमी. मग ओळखीचा पॉलिप्रॉपिलीन नग त्याच जागी लावून मोजा. दोघांचे आकडे जवळ आले तर माल चांगला. बेनाव नगाची आवर्तनं निम्म्यावर आली तर दोष कपॅसिटरचा, कारण कॉइल तीच आहे. कपॅसिटन्स साधारण सारखी असेल तरच ही तुलना खरी, एवढं लक्षात ठेवा.

९. मेगर

इथपर्यंत पोचलेल्या नगांना १००० व्होल्टचा मेगर लावा. पाचव्या पायरीतला अंदाज २००० च्या खाली असेल तर ५०० व्होल्टची रेंज घ्या. काटा आधी खाली जाईल, कारण कपॅसिटर चार्ज होतोय, मग चढत जाऊन मीटरच्या टोकाला टेकेल. मध्येच थांबला, थरथरला, किंवा डब्यातून टिकटिक ऐकू आली तर नग बाजूला. परीक्षा संपली की तो चार्ज राहिलेला असतो. काठी, मग तार.

मेगर फक्त इन्सुलेशन फुटलंय का ते सांगतो. दोनशे अँप सोसेल का हे त्याला विचारू नका.

पावसाळ्यात डबे आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा. फाउंड्रीच्या भागातून आलेल्या मालावर लोखंडी धूळ असते, आणि जुलैच्या दमट हवेत त्या थरातूनच गळती दिसते. चांगला नग उगाच बाद होतो.

१०. माळ बांधा

सिरीजमध्ये व्होल्टेज कपॅसिटन्सच्या उलट वाटलं जातं: लहान नगावर जास्त पडतं. म्हणून एका माळेतले नग एकमेकांच्या ५ टक्क्यांच्या आत निवडा. वहीचा उपयोग इथे होतो.

प्रत्येक नगावर स्वतंत्र ब्लीडर (बंद केल्यावर चार्ज उतरवणारा रेझिस्टर), १० मेगओहम. इथे एक सापळा आहे: दुकानात मिळणारा पाव वॅटचा साधा रेझिस्टर २५० व्होल्टचा आणि अर्धा वॅटचा ३५० व्होल्टचा असतो, वॅट कितीही पुरेसे असले तरी. दहा नगांच्या माळेत प्रत्येकावर पीकला सुमारे १२७० व्होल्ट येतात. म्हणून अर्धा वॅटचे २.७ मेगओहमचे चार सिरीजमध्ये लावा. ०.१५ मायक्रोफॅरडच्या नगाला यातून रिकामं व्हायला आठ-नऊ सेकंद लागतात. तरीही काठी वापरायचीच, कारण एखादा ब्लीडर तुटलेला असू शकतो.

नगांमध्ये बोटभर अंतर ठेवा, जोडायला जाड तांब्याची तार, सोल्डरची टोकं गोल. टोकदार सांधा काळोखात निळसर दिसला तर तिथे कोरोना (हवेत होणारी विजेची गळती) होतोय, तो आधी घासून गोल करा. पाटी अॅक्रिलिकची घ्या. लाकूड नको, प्लायवूड तर नकोच, पावसाळ्यात ते ओलं धरतं. ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर सेफ्टी गॅप (व्होल्टेज जास्त चढलं तर तिथेच ठिणगी पडणारी फट) लावल्याशिवाय माळ जोडू नका.

११. पहिला रन: दहा सेकंद

गॅप अगदी अरुंद ठेवा, व्हेरियाक (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर निम्म्यावर. दहा सेकंद चालवा, बंद करा, प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवा, काठी लावा, माळ शॉर्ट करा. मग इन्फ्रारेड थर्मामीटरने एकेक नग बघा. सगळे खोलीच्या तापमानाला असतील तर तीस सेकंद, मग एक मिनिट, दरवेळी हीच पूर्ण पद्धत.

सगळी माळ सारखी कोमट होतेय तर लॉस जास्त किंवा रन लांबला. एकच नग बाकीच्यांपेक्षा पाच अंशांनी गरम असेल तर तो बदला, तोच पुढे फुटणार. शेवटी गार झाल्यावर सगळे पुन्हा मोजून वहीतल्या जुन्या आकड्यांशी ताडा. मेटलाइज्ड नगाची कपॅसिटन्स रनागणिक घटत गेली तर आतलं मेटल जळत चाललंय किंवा टोकाची जोडणी सुटतेय. बाहेरून काही दिसत नाही, आकडाच सांगतो. इंडक्शन शेगडीचे नग बहुधा इथेच पास किंवा नापास होतात, म्हणून त्यांना पहिले काही रन मिनिटाच्या वर नेऊ नका.

कपॅसिटर पास झाला म्हणून कॉइल गणपती मंडळाच्या देखाव्यात ठेवायची मागणी आली तर नाही म्हणा. गर्दीत कोणाला पेसमेकर आहे हे विचारता येत नाही, आणि दोरीपलीकडे हात घालणारं पोर प्रत्येक मंडपात असतं.

बाद झालेल्यांपैकी पंख्याचे आणि मोटरचे नग चांगले मोजले तर दुरुस्तीवाल्याला द्या, त्याच्या कामाचे असतात. तेलाचे डबे शॉर्ट करून, उभे ठेवून, अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकू नका. सगळेच नापास झाले असतील तर ०.१५ मायक्रोफॅरड २००० व्होल्टचे दहा नवे नग मागवा: १५ नॅनोफॅरड, २० केव्ही, पीक करंट प्रत्येकी चारशे अँपच्या वर. ९ केव्ही ३० मिलिअँपच्या कॉइलला एवढं पुरतं, आणि पहिल्या सहा पायऱ्या करून झाल्यावर ते महागही वाटत नाहीत.